थांबपळ

बार्शीच्या एका फोटोग्राफरनं धंदा मोडला
तेव्हा त्याची लांब नळीची लेन्स मी घेतली,
साडेअकरा हजारांत, दोन हप्त्यांत.
नळीवर त्याच्या लेकीनं चिकटवलेली टिकली अजून आहे.

भूमच्या स्टँडसमोर माझा स्टुडिओ.
एकवीस वर्षं माणसांना सांगत आलोय,
हनुवटी खाली. खांदे सैल. हलू नका.
आणि माणसं हलत नाहीत.
नवरीसुद्धा रडता रडता थांबते
मी बोट वर केलं की.

चैत्रातला एक बिनतिथीचा मंगळवार.
पाथरूडच्या पुढं, पवनचक्क्यांच्या खाली,
कुसळं वाळून पांढऱ्या पडलेल्या माळावर
एक ढेकूळ पळालं.
खरं सांगतो, ढेकूळच पळालं,
आणि थांबलं, आणि पुन्हा ढेकूळ झालं.

डोळ्याला नळी लावली.
डोकं विटकरी, जुन्या कौलासारखं.
डोळ्यावरून पांढरी रेघ, तिच्याखाली काळी,
मानेमागं दोन्हींची गाठ,
घाईत बांधलेल्या रुमालाची असते तशी.
पाय इतके फिकट, की धड
जमिनीच्या चार बोटं वर नुसतं तरंगतंय.

या रस्त्यानं मी शंभर वरातींना गेलोय.
हे तेव्हा कुठं होतं?
की इथंच होतं, आणि मी मागच्या सीटवर
बॅटऱ्या मोजत होतो?

पहिला फोटो : माती.
दुसरा : माती, आणि तिच्यातून निघून गेलेलं काहीतरी.
"हलू नको," मी पुटपुटलो,
आणि माझं मलाच हसू आलं.

म्हाळाप्पा मेंढरं घेऊन वरून उतरला.
"काय हुडकायलाव?"
मी बोट केलं. पाखरू पळालं, थांबलं, वाकलं, पळालं.
"हां. थांबपळ हाय त्ये."
एवढंच. आपल्या चुलत्याचं नाव सांगावं तसं.
मग काठी आडवी धरली.
"तिकडं पाय टाकू नगा. आत्ता नगा."
का, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.
तंबाखू मळून अर्धी मला दिली.
दोघं उन्हात उभे, माझं बोट बटणावर,
शंभर, दीडशे.
एवढे तर मी आमदाराच्या पुतण्याच्या लग्नातही
काढले नव्हते.

रात्री शटर अर्धं ओढून
एकेक फोटो मोठा करत बसलो.
बहुतेक हुकलेले. शेपूट. सावली. रिकामा दगड.
एकशे सत्तेचाळिसावा बरा,
पळतं पाखरू, एक पाय हवेत.
तो मोठा केला, आणखी मोठा,
आणि डाव्या कोपऱ्यात, खड्यांच्या आणि लेंड्यांच्या मधे
दुसरं एक बसलेलं.
काठी आडवी धरली होती त्या बाजूला.
पोटाखाली जे काही असेल त्यावर सावली धरून,
हनुवटी खाली, खांदे सैल,
सरळ माझ्याकडं बघत.
पुढचा फोटो बघितला. त्याच्या पुढचा.
सगळ्यांत तिथंच.

उठलो. पाणी प्यालो.
कुणाला तरी फोन करावा वाटलं,
आणि कुणाला, ते सुचेना.

आठवड्यानं म्हाळाप्पा बाजाराला आला.
प्रिंट काढून ठेवली होती, बारा बाय अठरा.
त्यानं ती उजेडात धरली, जवळ नेली, लांब नेली.
"आन् माजी बोडकी मेंढी न्हाई आली का ह्येच्यात?
ती तर हितंच चरायली हुती."

आली होती. दुसऱ्या एका फोटोत,
मी पुसून टाकायच्या ढिगात ठेवलेल्या.
अख्खा चेहरा, कानातला पिवळा बिल्ला,
आणि पायामागं, नीट बघितलं तर,
गाठ मारलेल्या रुमालाचं टोक.
तोच मोठा करून दिला.
तो पैसे द्यायला लागला.
दहा रुपये मी घेतले,
म्हणजे पुन्हा यायला तो लाजणार नाही.