लिफ्टसाठी सुटे

रुस्तावीतल्या त्या इमारतीत लिफ्ट नाणी खाते.
वर जायला वीस तेत्री.
खाली उतरणं फुकट.
ही सोय कुणाच्या डोक्यातून निघाली, विचारू नका.

माझ्या पिशवीत बेचाळीस प्रश्नांचे फॉर्म,
दोन पेनं, त्यातलं एक रुसलेलं,
आणि पाठ करून घेतलेलं वाक्य:
उत्तर बरोबर किंवा चूक नसतं.

नववा मजला. ओमारी. वय एकसष्ट.
पोलाद कारखान्यात भट्टीवर तेवीस वर्षं.
आधी भट्टी विझली, मग नुनू.
नुनू म्हणजे बायको, हे त्यानं सांगितलं नाही,
भिंतीवरच्या फोटोकडे नुसती हनुवटी उचलली.

गेल्या दोन आठवड्यांत
आपला कुणाला उपयोग नाही, असं किती वेळा वाटलं?
कधीच नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज.
तो म्हणाला,
पोरी, एवढ्याशा मापानं मी मोजत नाही.

झोप?
पहाटे चारला पाळी बदलायची. भोंगा बंद पडला,
डोळ्यांना कुणी कळवलं नाही.
भूक?
एका माणसापुरतं लोबियो शिजतच नाही.
भांडं मोठं आहे, घेववा आलेला.
दारू?
किती ते विचारतेस, की कुणाबरोबर?
माझ्या कागदावर 'किती' होतं.

कागदाला दोन बाजू. डावीकडे जोखीम, उजवीकडे आधार.
डावी बाजू सरसर भरली:
एकटा राहतो. काम सुटलं.
मुलगा पोलंडात ट्रक चालवतो, रविवारी फोन,
'ठीक?' 'ठीक.'
दोघांनाही दुसऱ्याचं खोटं ऐकू येतं.
बाप म्हणायचा, रडक्याच्या हातात घण टिकत नाही,
तेव्हापासून आतल्या आत.
(हे 'भावना दाबून ठेवणे' या चौकोनात
कसंबसं कोंबलं.)

एकतीस. तुमच्यावर कर्ज आहे का?
तो पहिल्यांदा हसला. आहे.
किती?
चाळीस तेत्री.

उजवीकडे मी आडवी रेघ ओढणार,
तेवढ्यात दारावर लाथ.
लाथच. हात मोकळे नव्हते.
सातव्या मजल्यावरची लामारा,
झाकलेली ताटली, काखेत नार्दीचा पट,
ओठांत किल्ली, तरी बोलणं चालू:
मेलीनं पुन्हा माझं नाणं गिळलं, गुडघे मोडत आले मी!
तू तिचा वैद्य ना? काढ साठ तेत्री.
'चाळीस.'
'साठ. वीस व्याजाचे.'
'व्याज घेतेस, तू माणूस की बँक?'
'बँक असते तर तुला दारात उभं केलं नसतं.'

भट्टीसमोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर
जो उजेड पडत असेल
तो मी तेव्हा पाहिला असावा. की खिडकीचा होता,
सांगता येत नाही. चार वाजले होते.

ती स्वयंपाकघरात गेली, झाकणं आपटू लागली.
दाराशी लोणच्याची रिकामी बरणी,
नाण्यांनी गळ्यापर्यंत भरलेली.
मी बरणीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.
तो कुजबुजला:
फेडलं तर ती कशाला वर येईल?

एकतीस नंबरपाशी माझं पेन अडकलं.
कर्ज डावीकडेच लिहायचं असतं, छापलेलंच आहे.
मी खूण केली नाही.
पर्यवेक्षकानं नंतर विचारलं, हे कोरं का?
पेन रुसलं होतं, म्हणाले.

निघताना ओमारीनं बरणीतलं एक नाणं पुढे केलं.
उतरायला लागत नाही, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाला. उसनं घे.

खाली लिफ्टच्या आरशात, अर्धा पारा गेलेल्या,
एक बाई उभी होती,
दिवसाला अकरा घरांत
'तुमचं मन मोकळं करायला कुणी आहे का?' विचारणारी.
तिला मी काही विचारलं नाही.

नाणं कोटाच्या खिशात आहे.
अजून दिलेलं नाही.