मूल्यांकन

कंपनीने पाठवलं म्हणून गेलो.
अकोट्याला, पुलाच्या अलीकडे, तिसरा मजला.
पाटीवर : श्रीरंग इंदुलकर. खाली बारीक अक्षरात : खत कारखाना, निवृत्त.
माझा तक्ता साधा असतो :
वस्तू, वर्ष, अवस्था, रक्कम.
आजवर त्यात बसवल्यात जळालेल्या गाद्या,
विश्वामित्रीच्या पुरात बुडालेल्या मोटारी,
एकदा तर वरातीतली घोडी.

त्यांनी ड्रॉवर ओढला. निळ्या मखमलीवर अकरा घड्याळं
आणि अकरा वेगवेगळ्या वेळा.
कुणाचं कुणाशी पटत नव्हतं.
"यातलं बरोबर कुठलं?"
त्यांनी खिशातून मोबाइल काढून दाखवला.
"वेळेसाठी हा आहे की. चुकत नाही मेला."

मग सगळ्यांत महागाचं उचललं,
पाठीचं झाकण उघडलं, माझ्या हाती भिंग दिलं.
केसाहून बारीक स्प्रिंग
आवळत होती, सुटत होती,
एक पितळी चाक जात होतं अर्धं पुढे, अर्धं मागे,
निर्णय न होणाऱ्या माणसासारखं,
आणि त्या न होण्यातूनच
सेकंदकाटा पुढे सरकत होता.

"चौतीस वर्षं भोंगा ऐकला," ते म्हणाले.
"भोंगा म्हणायचा, ये. भोंगा म्हणायचा, जा.
हे काही म्हणत नाही. आपलं आपलं चालतं.
आपण बघितलं तर बघितलं."

सतरा माणकं, मी लिहिलं. कृत्रिम.
सगळी मिळून एका प्लेट सेव-उसळीच्या भावात.
पोलाद, काही ग्रॅम. पितळ, त्याहून कमी.
बेरीज लागेना.
झाकणाच्या आतल्या अंगाला सुईने कोरलेलं काही :
एक तारीख बासष्टची, एक एकाहत्तरची,
एक गुजराती ह, शेपूट लांबवलेला.
"मांडवीचे हकीमुद्दीनभाई. उघडलं की खूण करायचे.
मालकाला दिसायची नाही.
पुढे जो उघडेल, त्याच्यासाठी."
माझ्या तक्त्यात ओरखड्याला वजावट आहे.
पेन जरा अडलं. शाई संपली नव्हती.

"याच्यासाठी वाघोडिया रोडचा प्लॉट विकला."
आतून कुकरची शिट्टी झाली, अगदी वेळेवर.
"ही तीन आठवडे बोलली नाही माझ्याशी."

"साडेतीन," आतून दुरुस्ती आली.

नऊ वाजले. मोबाइलमध्ये वाजले.
त्यांनी खुंटी धरली, अंगठा थरथरला,
निसटला, पुन्हा धरली.
माझ्यासमोर तिसऱ्यांदा धरायचं त्यांनी टाळलं.
हेमांगिनीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या,
न विचारता घड्याळ घेतलं
आणि फिरवू लागल्या, ओठांत मोजत,
एखादी भाजी निवडावी तितक्या सहज.
अठ्ठाविसाव्याला थांबल्या.
"इथे घट्ट लागतं. इथे जोर करायचा नाही.
दोन वर्षं झाली, रोज देते चावी," माझ्याकडे वळून म्हणाल्या,
"पण प्लॉटचं मला अजून पटलेलं नाही, हे लिहून घ्या."
इंदुलकर खिडकीबाहेर बघत हसले.
त्यांच्या मांडीवर अंगठा एकटाच हलत होता,
अठरा हजारांच्या हिशोबाबाहेर.

लिहायला तसा रकाना नव्हता.
रक्कम टाकली, बाजारभावाने, नियमाने.
तीच बरोबर आहे. साहेबांना विचारा.
चालू स्थितीत? होय.
कशामुळे, ते कुणी विचारत नाही.

काळ्या घोड्याच्या सिग्नलला लाल आकडे उलटे धावत होते.
मनगटावरच्या पट्टीने थरथरून कळवलं,
आज माझी पावलं कमी पडली.
मी हँडलवर बघितलं :
अंगठा आणि तर्जनी
काहीतरी फिरवत होती, हळू, हवेतलंच.
मागचा रिक्षावाला भोंगा वाजवत राहिला.
अठ्ठावीसला थांबलो.
जोर केला नाही.