शंभरात चार

सोनेगावच्या धावपट्टीवर पहाटे सव्वापाचला
आधी पोत्यांचं वजन होतं, मग माझं.
माझं जास्त भरलं तर एक पोतं उतरवतात,
म्हणून तीन रात्री मी जेवलो नाही.

मातीचे गोळे, लिंबाएवढे.
आत खैर, बेहडा, चारोळी, एखादा बिबा.
बाहेर शेण, राख,
आणि कुणाकुणाच्या बोटांचे ठसे.
एकावर बांगडीचा वळ उमटलाय.

विमान लहान. आवाज पिठाच्या गिरणीचा.
कॅप्टन मुंडले बाई मागे न बघता
अंगठा उंचावतात,
मी दांडा ओढतो
आणि पोट रिकामं होतं, विमानाचं.

खाली देवलापारच्या पुढचं रान.
मृगाला चार दिवस आहेत.
उभी लाकडं, आडवी लाकडं,
मधून एक नीलगाय चाललीय,
सावली शोधत असेल.

हे चैत्रात पेटलं.
वनरक्षकानं अहवालात लिहिलं : कारण अज्ञात.
मोहाखालचा पाला जाळल्याशिवाय
फुलं वेचता येत नाहीत,
हे ज्ञात आहे. त्यालाही.
सुकवंता आत्याचे गुडघे वाकत नाहीत,
म्हणून काडी मी ओढली होती.
वारा तेव्हा निजलेला होता, शपथेवर सांगतो.

साहेब म्हणाले,
शंभरात चार रुजले तरी पुष्कळ.
बाकीचे उंदरांचे, मुंग्यांचे, खडकाचे.
दुसऱ्या फेरीत मी उलटा हिशेब मांडून पाहिला :
एका काडीत किती शंभर?
तिसऱ्या फेरीत दिसले आत्याचे मोह.
तेवढेच उभे, हिरवे, जाड.
आग त्यांच्यासाठीच लावली होती,
ती त्यांना ओळखून बाजूनं गेली असावी.
मी दांडा ओढायला उशीर केला.
बाईंनी प्रथमच मागे वळून पाहिलं.

रात्री आत्याचा फोन :
"अबे धनसिंग, तुह्या इमानानं
माह्या कवेलूवर गोळे टाकले ना!
दोन फुटले, कोंबड्यायनं खाल्ले."
मग जरा थांबून,
"एक ठेवला हाय. मडक्याच्या बुडाशी,
तेथं वलं राह्यते."
कशाचा आहे, विचारलं.
"मले का मालूम? उगवन तवा दिसन."

काडीचं दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

उद्या सव्वापाचला पुन्हा काटा आहे.
तरी मी आज भात वाढून घेतला,
आणि पुन्हा घेतला.