काटा

सावद्याच्या केळीकाट्यावर दादानं बॅग चढवली.
एकोणीस किलो चारशे.
"तेवीस चालतात," म्हणाला,
आणि हमाल माझ्याकडे न बघता
तंबाखू मळत राहिले.

यादी इस्तंबूलहून आली, पुतणीनं मराठीत उतरवली:
पुढून बटणांचे गाऊन, पायांचे घट्ट मोजे,
पोट बांधायचा पट्टा,
दागिना अंगावर एकही नको.
अगदी खाली, बारीक अक्षरात:
उरलेलं जठर केळ्याएवढं राहील.
कोणतं केळं, ते लिहिलं नाही.
आमच्याकडे हा प्रश्न पडतोच.
"एक्स्पोर्टचं धर," दादा म्हणाला,
मग गप्प झाला.

पाटली अठरा वर्षं निघाली नव्हती.
साबण, तेल, प्लास्टिकची पिशवी,
सगळं करून झालं.
काल विसपुते सोनारांनी कापली,
तोलली, चिठ्ठीवर ग्रॅम लिहिले.
एवढी तरी कमी झाले.
मनगटावर आता एक गोरा वळसा,
हात धुताना बोटं तिथंच घुटमळतात.

अकरावा दिवस. नुसतं पातळ.
कुमुदवहिनींच्या अंगणात
पळकाट्यांवर वांगी भाजतायत.
मी खिडकी लावली.
परत उघडली.

रात्री आईनं बॅग उघडून
मोज्यांखाली उडदाचे पापड सरकवले.
अगं, मला चालणार नाहीत,
कितीतरी महिने.
"तू नको खाऊ," ती चेन ओढत म्हणाली,
"डाक्टरले देजो."