दोर

आमच्या गावात वाऱ्यासाठी दोर बांधतात.
म्हणजे माणसांसाठी.
चौकातल्या खांबापासून बँकेच्या कोपऱ्यापर्यंत,
जाड, हाताला खरखरीत.
सामुद्रधुनीवरून वारा सुटला की
वकील, मासेवाली, शाळेची पोरं,
सगळी एकाच दोराला धरून वाकून चालतात
आणि कुणालाच त्याची लाज वाटत नाही.
पुंता अरेनास. नकाशा संपता संपता येतं ते.

घरात दोर नव्हता.

आई, एदेल्मिरा, चिलोए बेटावरची.
रात्री गॅसचं बटण बघायला उठायची.
एकदा. मग परत. मग मला हलवून,
“तू बघ गं, तुझे डोळे तरणे.”
सात वर्षांची मी, अनवाणी,
बंद बटणाला बंद म्हणायचे.
तिला पटायचं,
जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत.

बाबाचं, झ्वोन्कोचं, निराळंच.
पोर्वेनीरच्या फेरीबोटीवर तो तिकिटं फाडायचा
आणि एका जूनमध्ये फाडायचा थांबला.
भिंतीकडे तोंड करून झोपला.
आमच्याकडे जूनमध्ये उजाडायलाच दहा वाजतात,
त्यामुळे पहिले काही दिवस
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

वाईट नव्हती माणसं. हे आधीच लिहायला हवं होतं.
आईने माझ्या बाह्यांना आतून इलॅस्टिक शिवलेलं,
वारा शिरू नये म्हणून.
बाबा बरा असला की कालाफातेची बोरं आणायचा,
जीभ जांभळी करून दाखवायचा,
आणि आम्ही हसायचो, जरा जास्तच,
दार उघडंय तोवर आत घुसावं तसं.

शाळेतून आले की मी उंबऱ्यात थांबायचे.
रेडिओ चालू आहे का.
बाबाचे बूट हललेत का.
आई भांडी ठेवतेय की आपटतेय.
मग ठरवायचे:
आज हसवायचं, की आज दिसायचंच नाही.

प्रगतिपुस्तकात शेरा यायचा, ‘अतिशय समंजस’.
ओळीने चार वर्षं.
दर सोमवारी माझं पोट दुखायचं.
डॉक्टर दाबून बघायचे. पोटात काहीच नव्हतं.

आता मी एकेचाळीस.
गॅस एकदाच बघते, आणि त्याचा मला गर्व होता.
सकाळी पावाबरोबर एक गोळी, तीही चुकवत नाही.
परवा दुकानातून आले
आणि घराखाली गाडीत बसून राहिले,
स्टिअरिंग धरून, अकरा मिनिटं.
वर गेले तर बाल्तासार दारातच.
नऊ वर्षांचा. बशा विसळलेल्या.
आणि मी कोट काढायच्या आत त्याने एक विनोद सांगितला.
विनोद नवा होता.
सांगायची वेळ मी ओळखली.

बुटांच्या स्टुलावर बसले.
म्हटलं, “आज माझ्यात वारा सुटलाय.
तू सोडलेला नाहीस. थांबवायचाही तू नाहीस.”
“मग मी काय करू?”
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
“बटाटे सोल,” म्हटलं.
त्याने सोलले. जाड सालं, निम्मा बटाटा सालीतच.
प्रत्येक बटाट्याला एकदा माझ्याकडे बघत.
मी दवाखान्यात फोन लावला,
त्याच्यासमोर, आवाज न उतरवता.
बाई म्हणाल्या, गुरुवार.

गुरुवारी चौकात दोर लागले होते.
तो पुढे, मी मागे.
बँकेपाशी त्याची टोपी उडाली,
लाल, त्याची लाडकी,
बंदराच्या दिशेने, गाड्यांवरून.
तो वळला आणि ओरडला माझ्यावर,
“तुला म्हटलं होतं नाडी बांध! तू ऐकतच नाहीस!”
लोक बघत होते. चेहरा लालबुंद,
समंजसपणाचा मागमूस नाही,
आणि माझ्याकडे निरखून बघायला तो साफ विसरला होता.

मी दोर धरूनच उभी राहिले.
म्हटलं, “हो. चुकलं माझं.”
अजून ओरड, असं म्हणणार होते,
पण तो ओरडतच होता.