सागवानाचे पैसे

इंदूरच्या छावणीत आमची मराठी मंडळी
उरली आहे तीसेक माणसांची.
हिंदी उपासना सुटते तेव्हा बाकं अजून कोमट असतात,
त्यांवर आम्ही बसतो.

खजिनदार मी. सोळा वर्षं.
अंत्यविधी निधीची वही निळ्या पुठ्ठ्याची,
अक्षर इतकं नेटकं
की तपासनीस नुसता चहा पिऊन सही करून जायचे.

त्या वर्षी मुलाच्या कोचिंगची फी होती,
असं मी म्हणतो.
फी होती हे खरं.
पण मेव्हण्याकडे मागता आली असती
आणि मागितली नाही, कारण मेव्हणा हसला असता.
म्हणजे एका माणसाच्या हसण्याची किंमत
अकरा हजार चारशे.

त्याच आठवड्यात एलाजार उबाळे गेले.
वहीत मी लिहिलं : सागवानी पेटी, पितळी कड्या.
आली ती खोक्यांच्या फळ्यांची,
वर चॉकलेटी रंग, तोही एकच हात, ओला.
पेटी खाली सोडताना दोराला रंग लागला,
दोराचा माझ्या तळव्याला.
पाळक मातीचे शब्द म्हणत होते
आणि मी रुमाल शोधत होतो.

सात वर्षं.
प्रभुभोजनाच्या रविवारी मी ताट फिरवायचो
पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत
आणि परत मेजावर नेऊन ठेवायचो.
फिरवणाऱ्याने स्वतः घेतलं की नाही
हे कुणी बघत नाही.
फार सोयीची जागा आहे ती.

उबाळेबाई दुसऱ्या बाकावर, खिडकीशी.
त्यांच्यापुढे ताट धरताना
मी बाहेरचं पंक्चरचं दुकान बघायचो.
त्या दुकानाचा फोन नंबर मला आजही पाठ आहे.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी, संध्याकाळी, गेलो.
नंदानगरातल्या दोन खोल्या.
बाई जमिनीवर बसून भुट्टे किसत होत्या.
मी उभ्यानेच सांगितलं, आकड्यासकट.
किसणी थांबली नाही.
मग थांबली.

"खिळे मोजले होते मी," म्हणाल्या.
"सागाला इतके खिळे कोण मारतं?
माझे वडील सुतार होते, सिलास."

त्या रडतील किंवा हाकलतील,
मी दोन्हींची तयारी करून गेलो होतो.
"चार वर्षं तुझं वाईट मागितलं देवाकडे,
रोज, दात घासावेत तसं नेमानं.
पाचव्या वर्षी कंटाळा आला.
त्यानं सांगितलंय म्हणून नाही हो केली क्षमा,
थकले म्हणून केली.
अशी चालते का त्याला?
तू हिशेबवाला. तू सांग."

मला सांगता आलं नाही.
पाकीट पुढे केलं.
ते त्यांनी परातीखाली सरकवलं, परात डगमगत होती म्हणून.
"हे निधीचं. उद्या तूच घेऊन ये.
उभं राहून सांगायचं सगळ्यांना.
मी शेजारी उभी राहीन.
गुडघे वाजतील माझे, तेवढं चालवून घे."
आणि किसणी एकच होती,
म्हणून मिरच्या माझ्यापुढे ठेवल्या, विळी ठेवली.
"बारीक चीर. सांगायला सात वर्षं लावलीस,
मिरच्यांना लावू नकोस."

रविवारी त्यांचे गुडघे खरंच वाजले.
शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले असतील,
माझा आवाज गेला की नाही ठाऊक नाही.
पठाऱ्यांनी तोंड फिरवलं
ते अजून फिरवलेलंच आहे.
वही त्याच दिवशी काढून घेतली माझ्याकडून. बरोबरच केलं.
ताटही.

म्हणून मी बसलो. बाकावर, सगळ्यांसारखा,
आणि कुणाचातरी कॉलेजातला पोरगा
हात थरथरत ताट घेऊन
माझ्यापर्यंत आला.

बोटं कालच्या मिरच्यांनी चुरचुरत होती.
त्याच बोटांनी तुकडा उचलला.
जिभेला तिखट लागला.