शटर अर्धं खाली

मेडिकल चौकातल्या माझ्या दुकानात
संघपालचा एमडीचा थीसिस मीच बांधला.
काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं,
आणि घाईत त्याच्या नावातला एच सुटला.
मी म्हटलं, दे, रातोरात दुसरं कव्हर चढवतो.
तो म्हणाला, राहू दे बे,
परीक्षक काय नाव वाचून राहिला!

त्याला सतरा वर्षं झाली.
अजून येतो, ड्यूटी संपली की,
म्हणजे कधी अकराला, कधी पहाटे.
तोवर मी शटर अर्धं खाली ओढून
पोरांच्या प्रोजेक्टांना स्पायरल घालत बसतो.
तो वाकून आत शिरतो,
कागदाच्या रिमांवर टेकतो, तोंड कूलरकडे.
मी पेशंटचं काही विचारत नाही.
समजूतदारपणा वगैरे नाही हा,
भीती वाटते, एवढंच.

भाचीच्या लग्नात, उमरेड रोडच्या लॉनवर,
त्याच्या ताटात वडाभात होता
आणि ताटावर कुणीतरी एक्स-रे धरलेला,
हॅलोजनच्या उजेडात.
"डॉक्टरसाहेब, फक्त एक नजर."
त्याने पाहिलं. भात निवला.
तेव्हाच ठरवलं, आपण नाही विचारायचं.

म्हणून परवाचा माझा शुगरचा रिपोर्ट
ड्रॉवरमध्ये, कैचीखाली.

काल तो दीडला आला.
दिवसा पारा सेहेचाळीसवर होता,
रस्त्याचं डांबर अजून गरम.
कॉलर फाटलेली, वरची दोन बटणं गायब.
"वीटभट्टीवरचा पोरगा होता," एवढं बोलला.
मग बऱ्याच वेळाने,
"भावानं धरली कॉलर.
मीही धरली असती."

शर्ट काढायला लावला.
माझ्याकडे जाड सुई, मेण लावलेला दोरा,
लेजरं शिवायचा.
बटणं सापडली ती माझ्या जुन्या ॲप्रनची,
एक तपकिरी, एक जवळजवळ पांढरं.
तो बनियनवर बसून होता,
नववीत कबड्डीत बाद झाल्यावर बसायचा तसा,
हात गुडघ्यांत.
म्हणाला, "तू काहून नाही विचारत बे कधी काही?"
दोरा माझ्या दातांत होता. बरं झालं.

चहा आणायला चौकात गेलो.
टपरीवर दोन इंटर्न पोरी, उभ्याउभ्या झोपलेल्या,
एकीच्या ॲप्रनवर आयोडीनचा डाग,
हातात न फोडलेला बिस्किटाचा पुडा.
परतलो तर तो नव्हता. फोन आला असणार.
दोन्ही चहा मीच प्यायलो,
साखर घातलेले.

सकाळी कैचीसाठी ड्रॉवर उघडला.
रिपोर्टच्या पाठीवर त्याचं ते अक्षर
जे लावायला शेजारचा केमिस्टच लागतो:
गोळीचं नाव, दोनदा, जेवणानंतर.
खाली मराठीत, दाबून लिहिलेलं:
"गधड्या, सोमवारी उपाशीपोटी ये."
आणि इंग्रजीत सही,
एच न घालता.